पाऊण जीबीचा हिशेब

जुना डेस्कटॉप चालू होईना म्हटलं, की भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "रॅमवर खोडरबर फिरवलं का?" या इलाजाला मी कधीच हसत नाही. रॅम म्हणजे पीसी चालू असताना वापरतो ती मेमरी; तिच्या पट्टीच्या काठावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. सोनं गंजत नाही, पण आमच्या डोंबिवलीच्या दमट हवेत त्यावर धुळीचा मेणचट थर बसतो. रबर हलक्या हाताने फिरवायचं, चुरा झटकायचा, पट्टी पुन्हा खाचेत दाबायची. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या 'टक्' करून बसल्या, की निम्मी दुखणी तिथेच बरी होतात. जोर मात्र लावू नये, नाहीतर मळाबरोबर मुलामाही जातो.

सोसायटीच्या ऑफिसातल्या पीसीपुढे रबराचं काही चाललं नाही. ४ जीबीची नवीकोरी पट्टी घातली, की पडदा काळा आणि मदरबोर्डचं केविलवाणं पीं... पीं... जुनी घातली, की स्वारी मुकाट चालू. सेक्रेटरी काकांचा निकाल तयारच होता, "दुकानदाराने गंडवलं!" पण तीच पट्टी माझ्या घरच्या पीसीत बिनतक्रार चालली.

गोम चिपांच्या संख्येत होती. ऑफिसातला बोर्ड इंटेलच्या जी४१ चिपसेटचा (प्रोसेसर आणि रॅम यांच्यातली ये-जा सांभाळणारा चिपसंच), २००८च्या पिढीतला. डीडीआर३ या रॅमच्या प्रकाराची खाच जुळत होती, २४० पिना जुळत होत्या, दीड व्होल्टही जुळत होतं. पण या चिपसेटला २ गिगाबिटपेक्षा मोठी चिप वाचताच येत नाही. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ४ जीबी (गिगाबाइट) म्हणजे ३२ गिगाबिट. ते २-२ गिगाबिटच्या १६ चिपांत वाटलेले असले तर त्याला चालतात. नव्या पट्टीवर मात्र ४-४ च्या आठच चिपा. एसटीच्या कंडक्टरपुढे सकाळी सकाळी पाचशेची नोट धरावी, तसला प्रकार. नोट खरी, कंडक्टरही खरा, तिकीट काही फाटत नाही. आणि पट्टीच्या पाकिटावर याबद्दल अवाक्षर नसतं, याचा मला खरा राग येतो.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात "सोळा चिपवाली द्या" म्हटल्यावर काउंटरवरच्या पोराने मान वर न करताच विचारलं, "जी४१ का?" आणि खणातून वापरलेली पट्टी काढून दिली. ती बसली, पीसी सुरू झाला. रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची तपासणी लावून ठेवली, एकही चूक निघाली नाही.

सकाळी काका चष्मा सारून पडद्याला भिडले. तिथे लिहिलं होतं: बसवलेली मेमरी ४.०० जीबी, वापरण्याजोगी ३.२५.

"पाऊण जीबी कुठे गेलं?"

मी समजावलं. विंडोज ३२ बिटचं आहे काका, त्याच्याकडे मेमरीचे पत्तेच मुळात ४,२९,४९,६७,२९६, एका बाइटला एक. त्यातले काही ग्राफिक्सला आणि बोर्डावरच्या इतर मंडळींना राखून ठेवलेले. तेवढी रॅम मग बिनपत्त्याची पडून राहते.

"म्हणजे पार्किंग आहे, पण अलॉट करता येत नाही."

"अगदी तसंच. ६४ बिटचं विंडोज टाकलं तर मिळेल. पण पावत्या छापायच्या आपल्या प्रिंटरचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा आहे."

प्रिंटरचं नाव निघताच काकांनी विषय मिटवला. रॅमची पावती फाइलला लावली आणि तिच्या कोपऱ्यात पेनने बारीक अक्षरांत लिहिलं: 'पैकी पाऊण जीबी येणे.'