जुनी गाडी घेताय? आधी गिअरबॉक्सचं तेल बघा

2019 च्या ऑगस्टमधला महापूर सांगलीत कोण विसरणार? आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी गेलं 57 च्या वर. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर इथं किती गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या होत्या. त्यातल्या बऱ्याच पुढं धुऊन पुसून विकल्या गेल्या, आणि तसलीच एक आमच्या दाजींच्या पदरात पडली.

दाजी तासगावचे, बेदाण्याचा धंदा, फिरायला छोटी गाडी पाहिजे होती. विकणारा म्हणाला पाणी लागलेलंच नाही. सीट कव्हर नवीन, मॅट नवीन, इंजिन एकदम शांत. महिनाभरात घरघर सुरू झाली. न्यूट्रलला उभी असली की आवाज यायचा आणि क्लच दाबला की गप्प. ताई म्हणायची टायरचा असेल, पण उभ्या गाडीत टायर कुठनं वाजणार? मी म्हटलं दाजी, एकदा मिरजेला आमच्या मिस्त्रीकडं दाखवू.

मिस्त्रीनं गाडी लिफ्टवर घेतली, गिअरबॉक्सचा खालचा प्लग खोलला आणि ट्रेमध्ये पडलं ते तेल नव्हतंच, दुधाच्या चहासारखं काहीतरी होतं. दाजींचा चेहरा अजून डोळ्यासमोरनं जात नाही, द्राक्षाच्या हंगामातनं साठवलेले पैसे होते हो ते.

होतं काय, की गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला हवा जायला ब्रीदर असतो, गाडी बुडाली की तिथनं पाणी आत शिरतं. पुरानंतर सगळे इंजिन ऑइल बदलतात, वायरिंग बघतात, कार्पेट वाळवतात, पण गिअरबॉक्सकडं कुणी बघत नाही कारण तो लगेच बंद पडत नाही. पाणी मिसळलेल्या तेलात वंगण राहत नाही, बेअरिंगला गंज धरतो, मग गिअर बदलताना फिरणाऱ्या गिअरांचा वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंग जातात आणि गिअर टाकताना कर्रकन वाजतं. दाजींच्या गाडीत इनपुट शाफ्टचं, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचं बेअरिंग गेलं होतं, क्लच दाबला की तो शाफ्ट थांबतो म्हणून आवाज बंद. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग बघायचं. गिअरबॉक्स उतरवून बेअरिंगं, सिंक्रो रिंग, क्लच सेट, सगळं मिळून 28 हजार गेले.

म्हणून आता कुणी विचारलं की मी हेच सांगतो, पैसे द्यायच्या आधी प्लग खोलून बघा. चांगलं तेल मधासारखं दिसतं, जुनं झालं की काळपट, ते चालतं, पण पांढरट दिसलं की सोडून द्या. चाकांच्या आतल्या बाजूचे रबरी बूट फाटलेत का बघा, स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवली आणि कट्कट् आलं तर चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा बाहेरचा जॉइंट गेलाय. आणि क्लचसाठी सपाट रस्त्यावर चक्कर मारून उपयोग नाही, सांगलीत चढ आहे कुठं, दंडोबाच्या डोंगराला न्या, चढाला वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिन ओरडतंय पण गाडी वेग घेत नाही म्हणजे क्लच प्लेट घसरतेय.

परवा मित्रासाठी एक गाडी बघायला गेलो होतो. मालक म्हणाला प्लग कशाला खोलायचा, माझ्यावर विश्वास नाही का. आम्ही चहा घेतला आणि निघालो. रविवारी कवठेमहांकाळला दुसरी बघायचीय, मिस्त्रीला आत्ताच सांगून ठेवलंय, पाना घेऊन ये म्हणून.