साहेब चांगले, खालची माणसं वाईट

परवा आमच्या गल्लीत एक उमेदवार हात मिळवत फिरत होता. अथेन्सच्या या जुन्या किप्सेली भागात अजून लोक दार उघडतात. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी हसून हात दिला, दार लावलं आणि पुटपुटल्या, "माव्रोयालूरोस!" मी विचारलं, ओळखीचे का? त्या इतक्या हसल्या की खोकला लागला. रविवारी दुपारी मला त्यांच्या टीव्हीसमोर बसवलं.

माव्रोयालूरोस हा १९६५ च्या 'इपार्खी के फिलोतिमो' या सिनेमातला मंत्री. सिनेमाच्या नावाचा अर्थ साधारण 'चाड नावाची गोष्टही असते'. दिग्दर्शक आलेकोस साकेलारिओस, मंत्री झालाय लाम्ब्रोस कोन्स्तान्दारास. साहेब मतदारसंघात निघतात, वाटेत गाडीला अपघात होतो आणि ते गरिबाघरी जाऊन पडतात. घरच्यांना पाहुणा कोण ते माहीत नाही, त्यामुळे मंत्र्याचा उद्धार मंत्र्यासमोरच होतो. कोन्स्तान्दारासचा तो पडत जाणारा चेहरा बघायलाच हवा. आज इथे आश्वासनं वाटणाऱ्या कुठल्याही पुढाऱ्याला त्या आडनावाने हाक पडते.

मला आधी पटेचना. स्वतःचा मंत्री ओळखता येत नाही? मग आठवलं, ग्रीसमध्ये नियमित टीव्ही सुरू झाला १९६६ साली. आपल्याकडे आज हा सिनेमा काढायचा तर पहिल्याच चौकात अडेल. 'कार्यसम्राट' साहेबांचा वाढदिवसाचा फ्लेक्स शेंबडं पोरही ओळखतं.

पण एक गोष्ट दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. सिनेमात मंत्री बिचारा भोळा. खातो कोण, तर ग्रूएझास नावाचा त्याचा मतदारसंघातला माणूस, साहेबांच्या नावावर. साहेबांना कळतं, वाईट वाटतं, राजीनामा देतात. अहो, हे तर आमच्या गावच्या पारावरचं वाक्य! "साहेब देवमाणूस, पण भोवतालची चौकडी..." ग्रूएझासला साहेबांच्या शेजारी खुर्ची दिली कोणी? आणि गावकरी सगळे कसे गरीब, सरळ, सोसणारे! चिठ्ठी घेऊन रांगेत उभा राहणारा एखादा तरी दाखवायचा. विनोदी सिनेमा आहे हे मान्य, हसलेही खूप. तरी.

बाईंना हे माझ्या मोडक्या ग्रीकमध्ये सांगितलं. त्या जरा दुखावल्या. "तुमच्याकडे राजीनामा तरी देतात का?" मला राग आला. आमच्याकडे रेल्वे अपघातावरून मंत्र्याने पद सोडलंय, म्हटलं, लालबहादूर शास्त्रींनी, १९५६ साली. सांगताना लक्षात आलं, की उदाहरण द्यायला मला इतकं मागे जावं लागलं.

मग त्यांनीच विषय काढला रुसफेतीचा. म्हणजे मताच्या बदल्यात पुढाऱ्याने करून दिलेलं काम. शब्द तुर्कीतून आलाय, मूळ अरबी, आपल्या ओळखीच्या 'रिश्वत'चाच भाऊ. थोरल्या मुलाची सरकारी नोकरी तशीच लागली, त्या अगदी सहज म्हणाल्या. "सगळेच घेत होते, कोरीत्सी मू." म्हणजे, माझ्या पोरी.

कडू संत्र्याचा मुरांबा छोट्या बशीत आला, सोबत चमचा आणि थंड पाण्याचा ग्लास. मी मान खाली घालून खात राहिले. माझ्या कॉलेज प्रवेशासाठी बाबांनी आणलेलं आमदारांचं पत्र, लेटरहेडवरच्या जांभळ्या शिक्क्यासकट, अजून आईच्या कपाटात आहे. पण तेव्हा मेरिट खरंच अर्ध्या टक्क्यानेच हुकलं होतं.