१३० मिमीची घडीची टेबलटॉप दुर्बीण: निवड, जुळणी आणि पहिल्या हंगामाची नोंद

अटी सुरुवातीलाच पक्क्या केल्या. सगळं मिळून २५,००० रुपये, एका माणसाला एका फेरीत उचलता येईल एवढंच वजन, आणि लोकलमध्ये मांडीवर किंवा एसटीत सीटखाली मावेल असा आकार. या तीन अटी लावल्या की बाजारातल्या बहुतेक दुर्बिणी आपोआप बाद होतात.

पहिल्याच फेरीत खोक्यावर ‘५२५ पट’ छापलेल्या दुर्बिणी बाद झाल्या. ५२५ हा आकडा येतो कुठून? फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) ७०० मिमी, आयपीस (डोळ्याशी लावायचं भिंग) ४ मिमीचं, भागाकार केला की १७५ पट. त्यावर तिप्पट बार्लो, म्हणजे पट वाढवणारं जोडभिंग. गणित बरोबर आहे, पण आरसा ७६ मिमीचा. दर मिलिमीटरला दोन पट धरले तरी त्याची मर्यादा १५० च्या आसपास येते. त्यापुढे प्रतिमा फक्त मोठी, अंधारी आणि धुरकट होत जाते. अशा खोक्यात कधीकधी आयपीसला लावायचा ‘सन फिल्टर’ही असतो. तो उन्हाच्या उष्णतेने तडकतो आणि समोर डोळा असतो, म्हणून तो सापडल्या क्षणी फोडून फेकायचा. सूर्यासाठी फिल्टर नळीच्या तोंडाशीच हवा.

दुसरी फेरी आखूड नळीच्या फसव्या दुर्बिणींची. नळी जेमतेम अर्धा मीटर, पाटीवर मात्र फोकल लेंथ १००० मिमी. म्हणजे फोकसरच्या (आयपीस पुढे-मागे सरकवणाऱ्या भागाच्या) आत एक भिंग बसवून लांबी वाढवलेली आहे. हे भिंग हलक्या दर्जाचं असलं की ग्रहांच्या कडा कधीच धारदार होत नाहीत. शिवाय त्या भिंगातून जाताना लेझरचा ठिपका पसरतो, त्यामुळे कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवणंही डोकेदुखी होते.

इक्वेटोरियल माउंट (ध्रुवताऱ्याकडे अक्ष रोखून लावायची बैठक) नाकारण्याचं कारण खास आपल्याकडचं आहे. मुंबई-पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो, म्हणजे बहुतेकदा समोरच्या इमारतीमागे. हलक्या इक्वेटोरियल माउंटचा अक्ष इतका खाली झुकवला की काही दिशांना वजनाचा दांडा तिपाईच्या पायाला अडतो. तो माउंट युरोपात बरा चालत असेल. इथे या किमतीत त्यावर पैसे घालू नयेत.

शेवटी दोन पर्याय उरले: ७०/७०० ची (भिंग ७०, फोकल लेंथ ७०० मिमी) भिंगाची दुर्बीण आणि १३०/६५० ची घडीची डॉब्सोनियन, म्हणजे पेटीवर फिरणारी आरशाची दुर्बीण. १३० मिमीचा आरसा ७० मिमीच्या भिंगापेक्षा जवळपास साडेतीन पट प्रकाश गोळा करतो. निकाल मात्र लावला टिचकीच्या चाचणीने. ६०-७० पटीला एक तारा मध्यभागी घ्यायचा, नळीला बोटाने टिचकी मारायची आणि प्रतिमा स्थिर व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. दोन-तीन सेकंद चालतात. पाचाच्या वर गेलं की फोकसला हात लावला तरी तारा नाचत राहतो, आणि लांब नळी बारीक तिपाईवर ठेवली की नेमकं तेच होतं. डॉब्सोनियनची पेटी जमिनीलगत आणि जाडजूड असते. तिचं वजन पेटीसकट साधारण सहा किलो भरतं आणि नळी आत सरकते, म्हणून तीच पक्की केली. घेण्याआधी नळीच्या बुडाशी आरसा फिरवायचे स्क्रू आहेत का, हे बघणं आवश्यक आहे. काही लहान टेबलटॉप दुर्बिणींत मुख्य आरसा कायमचा घट्ट बसवलेला असतो.

फोकसर फिरकीचा आहे, बाटलीच्या झाकणासारखा. आटे सैल असल्याने फिरवताना प्रतिमा एका बाजूला सरकते. उपाय अगदी स्वस्त: नळ जोडताना वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप. आट्यांवर दोन वेढे घट्ट ओढून गुंडाळायचे, जादा टेप कापायची आणि फोकसर चार-पाच वेळा आत-बाहेर फिरवायचा. तीन वेढे झाले तर फिरकी जड होते आणि फोकस करताना दुर्बीणच हलते.

घडी उघडताना नळीचा वरचा भाग धरणारे दोन्ही दांडे शेवटपर्यंत ओढून ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवायचे. एक दांडा दोन मिलिमीटर जरी अडकला तरी वरचा भाग तिरका होतो आणि सगळं कॉलिमेशन वाया जातं. (कॅमेरा लावला आणि फोकस मिळेना, तर दांडे मुद्दाम थोडे आत ठेवता येतात, तेही दोन्ही अगदी सारखेच.)

कॉलिमेशनवर सर्वाधिक वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. एफ/५ ला (फोकल लेंथ भागिले आरसा, इथे ६५०/१३०) निर्दोष प्रतिमेचं वर्तुळ जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचं असतं. एफ/८ ला ते अकराच्या घरात जातं. म्हणून इथे थोडीशी चूकही लगेच दिसते. महागडं साधन लागत नाही. फोकसरच्या धुळीच्या झाकणाला बरोबर मध्यावर दोन मिमीचं भोक पाडलं की काम भागतं. आधी छोट्या ॲलन कीने दुय्यम आरसा (नळीच्या तोंडाजवळचा छोटा तिरका आरसा) असा फिरवायचा की त्यात मुख्य आरशाच्या तिन्ही क्लिपा दिसल्या पाहिजेत. मग बुडाचे लॉक स्क्रू सैल करून, भोकाचं प्रतिबिंब आरशाच्या मधल्या खुणेत येईपर्यंत बाकीचे स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवायचे. लॉक आवळताना खूण पुन्हा सरकते, म्हणून आवळत आवळत बघत राहायचं. दुय्यम आरशाची काळी सावली मुख्य आरशाच्या बाजूला किंचित सरकलेली दिसते. एफ/५ ला ती तशीच असते, ती ‘दुरुस्त’ करायला जाऊ नये. स्वस्त लेझर वापरायचा असेल तर आधी तो फोकसरमध्ये गोल फिरवून बघावा. ठिपका आरशावर वर्तुळ काढत असेल तर लेझरच वाकडा आहे.

मग ताऱ्यावरची परीक्षा. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला अर्धा तास द्यायचा, ठळक तारा घ्यायचा आणि फोकस थोडा बिघडवायचा. एकात एक गोल कडी दिसली तर सगळं ठीक. कडी एकीकडे दाटली असेल तर कॉलिमेशन चुकलं आहे. कडी गोल न दिसता त्रिकोणी दिसली तर मात्र दोष स्क्रूंच्या फिरवणीत नाही: मुख्य आरशाच्या तीन क्लिपा जास्त आवळल्या गेल्या आहेत आणि काच दबते आहे. आरसा काढून क्लिपा इतक्याच सैल करायच्या की क्लिप आणि काच यांच्यामध्ये साधा कागद सहज सरकला पाहिजे. हे काम गादीवर, दिवसा आणि बोटं आरशाच्या पृष्ठभागापासून दूर ठेवून करावं.

पेटी डावी-उजवी फिरवताना झटके देत असेल तर मधला बोल्ट जास्त आवळलेला आहे. तो आठवा हिस्सा फेरा सैल केला की फिरणं लोण्यासारखं होतं. ६५ पटीला तारा तीन मिनिटांत दृश्यातून बाहेर जातो, त्यामुळे हे फिरणं गुळगुळीत नसेल तर ग्रह बघण्याची मजाच जाते. पेटी ठेवायला चार पायांचं प्लॅस्टिकचं स्टूल नको, ते डुगडुगतं. लाकडी तिपाई किंवा पालथा घातलेला दुधाचा क्रेट उत्तम.

उघड्या दांड्यांमधून बाजूचा प्रकाश आत येतो, श्वासाचं दवही आरशावर बसतं. त्यासाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा काळा फोम शीट, दोन मिमी जाडीचा, दांड्यांभोवती गुंडाळून वेल्क्रोने जोडला. शहरात गॅलरीतून बघताना यानेच सर्वात मोठा फरक पडतो.

लाल ठिपक्याचा फाइंडर (नेम धरायचं साधन) दिवसाच, किमान एक किलोमीटर दूरच्या पाण्याच्या टाकीवर किंवा टॉवरवर जुळवायचा, सूर्य पाठीशी ठेवून. त्याचं बटण बंद करायला विसरलं की रात्रीत बॅटरी संपते, म्हणून पिशवीत जादा सीआर२०३२ हवीच.

आकाशातले निकाल. २५ मिमी आयपीसने २६ पट आणि साधारण दोन अंशांचं क्षेत्र मिळतं. कृत्तिका जेमतेम पण पूर्ण मावतात. १० मिमीने ६५ पट: मृगातल्या तेजोमेघाच्या पोटातले चार तारे सुटे दिसतात, गुरूचे दोन पट्टे स्पष्ट. पुनर्वसूमधला कॅस्टर, दोन ताऱ्यांतलं अंतर साधारण साडेपाच विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), ६५ ला निसटता आणि १०८ ला स्वच्छ फुटतो. ही १०८ पट ६ मिमीच्या आयपीसने येते, आणि बजेटमध्ये त्याच्यासाठी पैसे राखून ठेवलेच पाहिजेत. अभिजितजवळच्या एप्सिलॉन लायरीमधल्या दोन्ही जोड्या (अंतर २.३ विकला) हवा शांत असेल तरच तिथे वेगळ्या होतात. ६ मिमीच्या आयपीसला दुप्पट बार्लो लावून २१६ पट करणं गणितात बसतं, पण आपल्या बहुतेक रात्रींची हवा ते सोसत नाही.

एप्रिल-मेमध्ये अमावास्येच्या आसपास दक्षिण मोकळी असलेली जागा शोधाच. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गोलाकार पुंज पुण्याहून २४, कोल्हापूरहून २६ आणि गोव्यातून २७ अंशांपर्यंत वर चढतो. युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांना तो दिसतच नाही. १३० मिमीमध्ये शहरात तो धुरकट गोळा वाटतो. घाटमाथ्यावर ६५ पटीला नजर थोडी तिरकी ठेवली की त्या गोळ्याच्या कडेपासून आतपर्यंत बारीक रवाळ तारे उगवायला लागतात. एवढ्या एका दृश्यासाठी सहा किलो पाठीवर घ्यायला हरकत नाही.

मेअखेर सगळं साठवणीला जाईल. पावसाळ्यात आयपीसच्या भिंगांना बुरशी लागते आणि तिने कोटिंग खाल्लं की ते परत येत नाही. आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात निळ्या सिलिका जेलसोबत ठेवायची आणि जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळं करायचं. दव बसलेली दुर्बीण कधीही झाकणं लावून बंद करू नये. घरात आडवी ठेवून आधी पूर्ण वाळू द्यावी. आरशावर धूळ दिसली तरी कापडाने पुसायचा मोह टाळावा. थोड्या धुळीने दृश्यात काही फरक पडत नाही, ओरखड्याने मात्र पडतो.