कुणीतरी सांगितलं होतं

परवा रात्री अकराच्या सुमाराला तिचा मेसेज आला. "अगं, सत्तांतर वाचलंयस का? माडगूळकरांचं. नसशील वाचलं तर हातातलं सगळं बाजूला ठेव आणि आधी ते घे. मला कुणीतरी सांगितलं होतं, कोण ते आता आठवत नाही, पण ज्याने सांगितलं त्याचं भलं होवो."

मी सांगितलं होतं.

एवढंच झालंय. दोन दिवस झाले, मी उत्तर दिलेलं नाही. तिला वाटत असेल कामात आहे. कामात नाहीये, फोन हातातच आहे, तिचा मेसेज उघडते, वाचते, परत ठेवते. चार वेळा "अगं मीच तर सांगितलं होतं" असं टाइप केलं आणि चारही वेळा खोडलं, कारण ते वाक्य कसंही लिहिलं तरी हिशेब मागितल्यासारखं वाटतं, आणि तिच्याकडे हिशेब मागायचा नाहीये मला. मग काय मागायचंय तेही कळत नाहीये, म्हणून इथे लिहायला बसले.

नुसतं सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आपण रोज कुणाला ना कुणाला सांगतो, हे वाच, ते वाच, त्याचं काही नाही. पण सत्तांतरसाठी मी तिच्या तीन आठवडे मागे लागले होते. तेव्हा आम्ही एकमेकींना अहो-जाहो करायचो. ती म्हणाली होती, वानरांची कादंबरी मला नको, मी माणसांचंच वाचते. मग म्हणाली, माडगूळकरांची बनगरवाडी वाचलीये आणि ती मला इतकी आवडते की त्यांचंच दुसरं वाचून मला ते बिघडवायचं नाहीये. मी म्हटलं, अहो बनगरवाडी १९५५ची आणि हे १९८२चं, मधे सत्तावीस वर्षं आहेत, तोच माणूस असला तरी नजर किती पुढे गेलीये ते तरी बघा. तरी नाही. शेवटी एका रात्री मी पुस्तकाची पहिली दोन पानं वाचून रेकॉर्ड केली आणि तिला पाठवून दिली. कुणाला असा आवाज पाठवायची माझी पहिलीच वेळ, घसा कोरडा पडला होता, मधेच खोकला आला तोही तसाच गेला. दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं, "तीनदा ऐकलं. तुमच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक येते मधे मधे, छान वाटते. पुस्तक मिळवते."

आणि मग चार दिवसांनी रात्री अडीच वाजता आलं, "पिल्लं मारली गं त्याने."

'गं' म्हणाली. पहिल्यांदा. मी जागीच होते. पहाटे पाचपर्यंत आम्ही लिहीत होतो, ती रडत होती, मी पहिल्या वेळी कुठे थांबले होते ते तिला सांगत होते, आणि त्या रात्रीत कधीतरी अहो-जाहो संपलं ते संपलंच. म्हणून मला ती तारीख लक्षात आहे, मैत्रीची म्हणून. तिच्या लेखी ती एका पुस्तकाची रात्र होती बहुतेक. हे लिहितानासुद्धा आत काहीतरी आवळल्यासारखं होतंय.

पुढे पंधरा दिवस आम्ही त्या वानरांतच होतो. तिला कुठूनतरी सापडलं की युकिमारू सुगियामा नावाच्या जपानी संशोधकाने १९६०च्या दशकात धारवाडच्या जंगलात बसून हेच नोंदवलं होतं, टोळीवर बाहेरचा नर चालून येतो, जुन्याला हाकलतो आणि अंगावरची पिल्लं मारतो. मग मला सारा हर्डी यांचं अबूच्या वानरांवरचं पुस्तक सापडलं, १९७७चं. त्यांचं म्हणणं असं की पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते आणि नव्या नराचा वंश लवकर सुरू होतो, म्हणून हे घडतं, वेड लागल्यासारखं नाही, त्यामागे हिशेब आहे. मी ते उत्साहाने तिला पाठवलं. तिने दिवसभर उत्तर दिलं नाही, आणि रात्री एवढंच लिहिलं, "कारण कळलं म्हणून त्या आईचं ओरडणं कमी ऐकू येत नाही." हे तिचं वाक्य मी किती जणांना सांगितलं असेल. तिचं आहे असंच सांगितलं प्रत्येकाला.

आणि तिला माझं नाव आठवत नाही.

आता खरं बोलायचं तर सत्तांतर काही मी जमिनीतून उकरून काढलेलं पुस्तक नाही, १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे त्याला, तिला ते कुठूनही कळलं असतं, कुणीही सांगितलं असतं. पण मग तेच तर. कुणीही सांगितलं असतं आणि सांगितलं मी, आणि तिच्या डोक्यात मी त्या 'कुणीही'त जाऊन बसले. काल दुपारी कामातसुद्धा हेच चाललं होतं. आमच्यात पुस्तकांखेरीज आहे काय? आम्ही भेटलेलो नाही. तिचा एक छोटा गोल फोटो आहे, त्यात ती अर्धी उन्हात आहे. मला ठाऊक असलेली ती म्हणजे प्रस्तावना सगळ्यात शेवटी वाचणारी, शेवटचं प्रकरण रात्री कधीच न वाचणारी, कुत्रा मरणार असेल तर आधीच सांग म्हणणारी, कविता वाचल्यावर दोन दिवस गप्प होणारी. ही एवढी ओळख पुस्तकांनीच केलेली आहे. त्यातलं एकेक नाव सुटत गेलं, कुणी कुणाला काय दिलं ते पुसत गेलं, तर मागे काय राहणार, एक गोल फोटो? बाबांनंतर वर्षभर मी एक पान वाचलं नाही तेव्हा ती रोज रात्री एक परिच्छेद पाठवायची, उत्तराची वाट न बघता. ते जाऊ दे, त्याबद्दल आज नको.

मग मी ते वाईट काम केलं. जुनं चॅट शोधायला बसले. म्हणजे पुरावाच शोधत होते, दुसरं काय म्हणणार. तो आवाज, ते अडीच वाजताचं वाक्य, एक स्क्रीनशॉट काढून नुसता पाठवून द्यायचा, खाली काही न लिहिता. मागे जात जात अंगठा दुखला आणि एका ठिकाणी सगळं संपलं. मधे फोन बदलला तेव्हा बॅकअप नीट झाला नव्हता, त्याच्या आधीचं काहीच नाही. आमचं पहिलं दीड वर्ष कुठेच नाही आता, माझ्या डोक्यात सोडून.

हेलीन हॅन्फ या अमेरिकन लेखिकेची आठवण आली. तिने ५ ऑक्टोबर १९४९ला न्यूयॉर्कहून लंडनच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानाला हव्या असलेल्या पुस्तकांची यादी पाठवली, आणि तिथल्या फ्रँक डोएलशी वीस वर्षं पत्रं चालली. तो १९६८च्या डिसेंबरात गेला, त्यांची भेट झालीच नाही. १९७०मध्ये ती पत्रं पुस्तक होऊन आली. वाचणारी माणसं एकमेकांना हे पुस्तक सुचवतातच, आम्हीही सुचवलं होतं, आणि प्रत्येक जण न भेटण्याबद्दल हळहळतो. मला काल वेगळ्याच गोष्टीचा हेवा वाटला. तिच्याकडे कागद होता. कुठलं पुस्तक कुणी कधी मागितलं आणि कुणी कधी शोधून पाठवलं, तारखेसकट. कुणी कुणाला विसरायची सोयच नाही.

रात्री माझी वही काढली. वाचलेल्या पुस्तकांची यादी आहे त्यात, फक्त नावं आणि महिना. म्हटलं आपण तरी नीट राहावं, प्रत्येक पुस्तकापुढे ते कुणी सांगितलं ते लिहून काढू. पेन्सिल घेतली. स्मृतिचित्रे, लिहिता आलं, मावशी. लक्ष्मीबाईंनी कधी शाळा पाहिली नाही आणि मराठी बघ कशी लिहिलीये, असं म्हणून तिने हातात दिलं होतं. एका कोळियाने, शाळेतल्या बाई. पाडस, हं. पाडस कुणी सांगितलं? राम पटवर्धनांचा अनुवाद आहे हे आठवतंय, कुठल्या खिडकीशी बसून वाचलं ते आठवतंय, शेवटाला पोटात कसं झालं तेही आठवतंय. माणूस नाही आठवत. पुढचं, नाही. त्याच्या पुढचंही नाही. पहिल्या पानावर चोवीस नावं आहेत आणि त्यातल्या आठांपुढे मला लिहिता आलं. दोन ठिकाणी 'बहुतेक' लिहिलंय.

मग ऋतुचक्र आलं. दुर्गाबाईंचं ते पुस्तक १९५६चं, चैत्रापासून एकेका महिन्यावर एकेक लेख. आम्ही ते वर्षभर वाचलं होतं, ज्या महिन्याचा लेख त्या महिन्यात, पुढचं पान आधी उलटायचं नाही. किती सुंदर वर्ष होतं ते. ही महिन्याला एक लेखाची कल्पना मी नंतर निदान चौघांना सांगितली, असं वाचून बघा, मी असं वाचलं. आणि पेन्सिल हातात धरून बसले होते तेव्हा आठवलं की ती कल्पना ना माझी ना तिची. त्याची होती. आम्ही तिघं होतो तेव्हाची. त्याने किती आग्रहाने मांडली होती ती, आम्ही दोघींनी आधी नाही म्हटलं होतं, भाद्रपदापर्यंत धीर धरवणार नाही म्हणालो होतो. त्याच्यापुढे मी त्याचं नाव लिहिलं. बाकी त्याच्याबद्दल लिहायला बसले तर वही पुरणार नाही.

आणि सगळ्यात शेवटी, मुद्दाम टाळत टाळत, सत्तांतर. पेन्सिल टेकवली आणि बसून राहिले.

मला सत्तांतर कुणी सांगितलं?

खूप वेळ बसले. पुस्तकाचा वास आठवला, पावसाळी उजेड आठवला, वाचून झाल्यावर जिन्यात जाऊन उभी राहिले होते ते आठवलं. माझ्या हातात ते कुणी ठेवलं, कुणाच्या तोंडून नाव ऐकलं, काही काही नाही. कुणीतरी. अगदी तिचाच शब्द. तो माणूसही कदाचित माझ्यामागे तीन आठवडे लागला असेल. त्यानेही कुठेतरी ती तारीख जपून ठेवली असेल, आणि मी ते पुस्तक 'माझं' म्हणून तिच्याकडे घेऊन गेले. तिने निदान आठवत नाही असं स्पष्ट लिहिलं, आणि त्याचं भलं होवो म्हणाली. मी तर माझ्या त्या माणसासाठी कधी एवढंही म्हटलं नव्हतं. काल म्हटलं. वहीत त्या ओळीपुढे 'भलं होवो' लिहिलं, नाव नाही म्हणून तेवढंच.

दुखणं गेलं असं नाही लिहिणार, सकाळी उठल्यावर पहिली आठवण तीच होती. पण काल जशी ठसठसत होती तशी नाही. तिचा मेसेज आज परत वाचला तर मला पहिल्यांदाच त्याची पहिली ओळ दिसली. रात्री अकरा वाजता तिला ते पुस्तक परत आठवलंय, इतकं आठवलंय की राहवलं नाही, आणि ते सांगायला तिला मी आठवले. दोन दिवस मी फक्त शेवटचं वाक्य वाचत होते.

संध्याकाळी उत्तर दिलं. "वाचलंय. पण खूप वर्षं झाली, परत वाचायचंय. तू येतेस बरोबर?"

लगेच आलं, "येते की! रोज वीस पानं? उद्यापासून?"

"उद्यापासून. पहिली दोन पानं मी वाचून पाठवते."

यावर तिने नुसतं हृदय पाठवलं. तिला काही आठवलं की नाही, कळायला मार्ग नाही, आणि मी विचारलं नाही. सकाळी घरात कुणी उठायच्या आत रेकॉर्ड करीन. पुस्तक काढून उशाशी ठेवलंय. भिंतीवरचं घड्याळ तेव्हा पण याच खोलीत होतं, आवाज येऊ नये म्हणून उतरवून ठेवणार होते, पण नाही उतरवलं, तिथेच राहू दे.