खुनाला जागा नाही

मे महिन्यात सांगलीत दुपारी दोन ते पाच माणसाने काहीही करू नये, असं माझं ठाम मत आहे. पंखा फिरतो तो फक्त गरम हवा ढवळायला. अशा वेळी सोबतीला खुनासारखं दुसरं काही नाही. म्हणजे पुस्तकातल्या, आणि तोही रक्तबिक्त न दाखवता झालेल्या. विलायतेतली जुनी हवेली, हवेलीत पैसेवाली खाष्ट म्हातारी, भोवती मुलं-सुना-भाचे, आणि सकाळी चहा घेऊन गेलेल्या मोलकरणीची किंकाळी. पुढची दोनशे पानं सगळे केक खात एकमेकांकडे संशयाने बघतात. कोझी मिस्टरी म्हणे. म्हातारी गेल्याचं दुःख घरात कुणालाच नसतं, त्यामुळे आपल्यालाही करावं लागत नाही.

(लहानपणी आम्ही बाबूराव अर्नाळकरांवर पोसलो. हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने. पण झुंजार काय, काळापहाड काय, त्यांचं सगळं पिस्तुलांत आणि पळापळीत. दुपारच्या झोपेला ते चालत नाहीत, डोळा लागतच नाही.)

परवा अशीच एक हवेली वाचताना वाटलं, हा खून आमच्या गावभागात करायचा झाला तर? वाडा तयारच होता. आमच्या बोळाच्या तोंडाशी हळदीच्या अडत्यांचा. दोन चौक, सागवानी खांब, ओसरीवर पेढी आणि पेढीवर माझे थोरले काका दिवाणजी, त्यामुळे मला आत मज्जाव नव्हता. पैसा होता, भाऊबंदकी होती, माडीवर कायम कुलूप असलेली एक खोली होती. पुस्तकाला आणखी काय लागतं?

एकांत लागतो. तोच नव्हता. वाड्यात दुपारी कुणी नुसतं दार लोटलं तरी ‘काय गं, बरं नाही का?’ करत तिघीजणी आत येऊन बसायच्या. मारेकऱ्याने पडद्यामागे लपावं, तर तिथे लपाछपीतलं एखादं पोर आधीच उभं. कुलुपाच्या खोलीत मोडके पाळणे आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या होत्या. फटीतून बघितलंय आम्ही.

बरं, विष घालावं. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधालयात काम करायची, विषांची मापं ती तिथे शिकली. १९२० साली आलेल्या पहिल्याच कादंबरीत तिने हवेलीच्या मालकिणीला स्ट्रिक्नीनने मारलं. ते ज्याच्या बियांत असतं तो काजरा आपल्याकडे घाट उतरला की कोकणात उभाच. कच्चा माल आपला, खून त्यांचे! पण हे विष जहर कडू. घालणार कशात? आमटीत घातलं तर पहिल्याच घासाला ‘आज आमटी कुणी केलीय?’ असा पुकारा होणार, पातेलं चुलीपासून चौकापर्यंत फिरणार, आणि खून राहील बाजूला, सुनेचं माहेर निघेल.

विलायतेत बर्फ पडून हवेलीची वाट बंद होते आणि खुनी आतलाच कुणीतरी असतो. बर्फाचं काम आमच्याकडे कृष्णामाई करते. आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेलं की धोक्याची पातळी, सामानसुमान माडीवर. २०१९ च्या ऑगस्टात तर खाली पाणी, वीज नाही, फोन मेलेले, माडीवर अडकलेली चार बिऱ्हाडं. असा जमून आलेला बेत पुन्हा मिळायचा नाही. पण मिळूनही उपयोग काय? तालमीतली पोरं होडीतून यायची आणि खालून ओरडायची, ‘काकू, दूध पाहिजे का? किती जण हाय वर?’ माणसं येताजाता मोजणाऱ्या गावात एक माणूस कमी कसा करायचा? आणि प्रेत नदीत सोडावं म्हटलं, तर नदीत मगरी. घाटाच्या पायऱ्या उतरायला मारेकऱ्याचीच छाती व्हायची नाही.

मग पेव आठवलं.

हरिपूर सांगलीला लागूनच. कृष्णा-वारणेचा संगम, नाटककार देवलांचं गाव. तिथल्या जमिनीत हळदीची पेवं खणलेली. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोट सुटलेलं. आत पाला घालायचा, हळद भरायची, तोंड मातीने लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नाही, कारण किड्याला जगायला आत हवाच उरत नाही. माणसालाही उरत नाही.

एकदा काकांनी मला पेव उघडताना नेलं होतं. हमालांनी खोऱ्याने वरची माती ओढली, झाकण सरकवलं आणि चार पावलं मागे जाऊन तंबाखू मळत बसले. कुणाला घाई म्हणून नव्हती. बऱ्याच वेळाने एकाने दोरीला कंदील बांधून आत सोडला. मी पोटावर पडून बघत होतो, काकांनी माझा पाय धरून ठेवलेला. कंदील खाली गेला, पिवळी कड दिसली, मग ज्योत आखडली, काच नुसती लालसर राहिली आणि विझली. वारा नाही, पाणी नाही, काही नाही. ‘अजून न्हाई,’ हमाल म्हणाला आणि पुन्हा तंबाखूकडे वळला. उन्हं कलल्यावर कधीतरी कंदील जळत राहिला, तेव्हा तो कमरेला दोर बांधून उतरला. वर आला तो जेजुरीच्या पायऱ्या उतरून आल्यासारखा, भुवयांसकट पिवळा.

असलं हत्यार विलायतेतल्या कुठल्या तळघरात नाही. दिसत नाही, वास नाही, आणि नंतर ‘घाई केली हो बिचाऱ्याने’ म्हणून मोकळं होता येतं. पण २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, हळद नासली, व्यापारी गोदामांकडे वळले. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर पेवं मागे पडली होती. माझं हत्यारही गेलं.

तसं पाहिलं तर खुनाची गरज कुणाला होती? विलायतेत म्हातारी मृत्युपत्र बदलणार असते, म्हणून तिला त्याच रात्री उडवावं लागतं. आमच्याकडे वाटपाचा दावा लावतात. वादी मरतो, त्याचे वारस रेकॉर्डवर येतात. प्रतिवादी मरतो, त्याचे येतात. सगळे आपापल्या साखरेने आणि ब्लडप्रेशरने जातात, दावा ठणठणीत. भाऊबंदकीचं तर आम्हाला कौतुकच आहे, संस्थानच तिच्यातून निघालं. १८०१ साली चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेच्या काकांपासून वेगळे झाले आणि सांगली घेऊन बसले. येताना घरचा गणपतीही घेऊन आले, असं सांगतात.

लेकीबाळींचं मात्र कोर्टापर्यंत जात नसे. १९५६ च्या कायद्याने बापाच्या वाट्यात मुलगी आली, १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली अख्ख्या देशाने तिला वडिलोपार्जित मिळकतीतही मुलाच्या बरोबरीला बसवलं. दर कायद्यागणिक भावांची माया वाढत गेली. अडत्यांचे मालक वारले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात चारी लेकींना आग्रहाने बोलावणं गेलं. आमरस-पुरी झाली. मग माजघरात सतरंजी अंथरली आणि काका मांडीवर फळी घेऊन बसले. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून हात ठेवायला शेजारी मी. हक्कसोडपत्राचा मसुदा काकांच्याच वळणदार अक्षरात होता. ‘उद्या कचेरीत जायचं, आज फक्त नजरेखालून घाला,’ थोरला भाऊ म्हणाला. ‘त्यात काय बघायचंय,’ म्हणून तिघींनी कागद पुढे सरकवले. धाकटी इचलकरंजीला दिलेली, तिचं तेव्हा फारसं बरं चाललं नव्हतं. ती म्हणाली, ‘काका, जरा वाचून दाखवा की.’

सगळे हसले. ‘वकील झाली आमची बाळी!’ कुणीतरी म्हणालं. वहिनींनी साड्यांचा गठ्ठा आणून मध्ये ठेवला.

माझे काका सरळ माणूस. पेढीचा पैसा कधी इकडचा तिकडे केला नाही त्यांनी. त्यांनी चष्मा पुसला आणि ‘राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता’ इथपासून खालच्या तारखेपर्यंत खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. मधलं एक पान त्यांनी पुढच्या पानाबरोबरच उलटलं. माझा हात कागदावरच होता. त्या पानावर गट नंबर होते, हरिपूरची पेवं होती आणि वाड्याची चतुःसीमा होती.