डेकची उडी सापडली, दोष अल्टिट्यूडच्या बोल्टचा

आकाशाचे फोटो काढताना, ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणाऱ्या माझ्या माउंटमध्ये हिवाळाभर छळणारी ती उडी अखेर सापडली. मागच्या वेळी गाइडिंगचा, म्हणजे तारा जागेवर धरून ठेवताना होणाऱ्या चुकीचा, ग्राफ टाकला होता: आरए (पूर्व-पश्चिम) शांत, डेक (उत्तर-दक्षिण) शांत, आणि मध्येच डेकची रेघ उभी चढलेली. पीएचडी२ हे गाइडिंगचं सॉफ्टवेअर ती ओढून जागेवर आणायचं, पण तोवर तो सब (एक सुटा फोटो) गेलेला असायचा. प्रत्येक तारा जोडतारा.

त्यावर बहुतेकांनी बॅकलॅशकडे, म्हणजे गिअरच्या दात्यांमधल्या ढिलेपणाकडे, बोट दाखवलं होतं. पण बॅकलॅश दिशा बदलताना दिसतो, आणि ही उडी गाइड पल्स, म्हणजे मोटरला दुरुस्तीचा इशारा, दिलेला नसतानाही यायची. केबल नव्याने बांधल्या, काउंटरवेट सरकवून तोल पुन्हा साधला, गच्चीवर वाऱ्याची झुळूकही नसलेल्या रात्री बसून पाहिलं. ग्राफ तसाच.

धागा मिळाला तो उडी कुठे येते आणि कुठे येत नाही हे बघताना. मृगातला तेजोमेघ मेरिडियनजवळ (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) असताना उडी मोठी. त्याच रात्री पूर्वेला नुकत्याच वर आलेल्या सिंहेकडे दुर्बीण वळवली, तर जेमतेम. गिअरला काय, तारा कोणत्या दिशेला आहे याच्याशी त्याचं देणंघेणं नसतं. पण माउंटचं अख्खं हेडच उत्तरेकडे झुकत असेल तर नेमकं असंच व्हायला हवं. ते झुकणार पूर्व-पश्चिम आडव्या अक्षावर. मेरिडियनवरचा तारा सगळाच्या सगळा डेकमध्ये सरकणार. पूर्व क्षितिजाजवळचा तारा त्या अक्षाच्या टोकाशीच, म्हणून तो जवळपास जागेवर राहणार.

खात्री करायला निना या सॉफ्टवेअरमधलं थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे आहे का हे मोजणारं प्लगइन, संध्याकाळी चालवलं आणि मध्यरात्रीनंतर, बोल्टला हातही न लावता, पुन्हा चालवलं. अझिमथ (अक्षाची डावी-उजवी दिशा) होता तिथंच. अल्टिट्यूड (अक्षाची उंची, जी अल्टिट्यूडचा बोल्ट उचलून धरतो) खाली घसरलेला. हे प्लगइन नसतं तर मी अजून गिअरच उघडत बसलो असतो. ध्रुवतारा दिसण्याची त्याला गरजच नाही, आणि माझ्या गच्चीवरून उत्तरेला शेजारच्या इमारतीची टाकी आहे, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता.

आता हे आपल्याच भागात का होतं ते बघा. बेळगावचा अक्षांश १५.८५ अंश, म्हणजे ध्रुवही क्षितिजापासून तेवढाच वर. ५० अंशांवर हेड बऱ्यापैकी उभं असतं, भार खाली बुडावर उतरतो. आपल्याकडे ध्रुवअक्ष, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेला माउंटचा अक्ष, जवळपास आडवा. दुर्बीण, कॅमेरा, काउंटरवेट सगळं उत्तरेला बाहेर लोंबतं, आणि ते पेलायला एक बोल्ट. निपाणी, चिक्कोडी, खानापूर, चंदगड, कुठेही लावा, अंशभर इकडेतिकडे, गोष्ट तीच.

बोल्ट काढून उद्यमबागेत एका लेथवाल्या मामांकडे नेला. त्यांनी तो सरफेस प्लेटवर लोळवला आणि लगेच म्हणाले, “वाकलाय की ओ सर हे. टोक पण बघा, चेपलंय.” चेपलेलं टोक हेडच्या ओतीव लगवर (बोल्ट टेकतो तो उंचवटा) घासत अडकायचं, भार वाढला की सुटायचं. तीच उडी.

मामांनी ईएन २४ या पोलादातून नवा बोल्ट टर्न केला. आटे मूळच्याच पिचचे, टोक गोल, आणि टोक व लग यांच्यामध्ये गनमेटलची छोटी गोल चकती, वरून खळगी केलेली. काम इतकं सुबक की फिरवताना हाताला कळतं. परदेशातून येणारे रंगीत अपग्रेड सेट मी बरेच दिवस बघत होतो. आता अजिबात बघणार नाही. पंप आणि हायड्रॉलिकचे भाग करणारं गाव आहे आपलं, जे हवं ते इथं घडवून मिळतं. फक्त नमुना हातात घेऊन जा, ड्रॉइंगवर काम सांगू नका.

एक सवयही लावून घेतलीय: शेवटची हालचाल नेहमी वर उचलणारी. लक्ष्य ओलांडून वर गेलं तर पुरतं खाली आणायचं आणि पुन्हा उचलत यायचं, म्हणजे आटे भाराखाली बसलेले राहतात. निनात वातावरणीय अपवर्तनाची दुरुस्तीही सुरू ठेवलीय. १६ अंश उंचीवर तारे सुमारे तीन आर्कमिनिट वर उचललेले दिसतात. इतक्या खटपटीनंतर तेवढंही का सोडायचं?

पहिली खरी परीक्षा जांबोटीच्या पुढे, ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ. मार्चमध्ये अडीचच्या सुमारास तो मेरिडियनवर येतो, क्षितिजापासून सुमारे २७ अंशांवर. नेमकी तीच जागा, जिथे उडी सर्वांत मोठी यायची. पहाटेपर्यंत डेकची रेघ सपाट. दोन मिनिटांचे सब, तारे कोपऱ्यापर्यंत गोल, आणि गुच्छाच्या गाभ्यातसुद्धा दाणे सुटे दिसतात. सतरा हजार प्रकाशवर्षांवरचा हा गुच्छ लंडनहून कधी उगवतच नाही. आपला ध्रुव खाली आहे म्हणून तो आपल्याला मिळतो.

पुढचा बेत बेल्ट मॉडिफिकेशनचा, म्हणजे गिअरच्या जागी बेल्ट बसवण्याचा, होता. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय की आधी वेज करावी. ट्रायपॉड आणि हेड यांच्यामध्ये उत्तरेकडे १० अंश उतरती जाड प्लेट. मग हेडची अंशांची पट्टी २६ वर ठेवायची, अक्ष बरोबर १६ वर येतो आणि बोल्ट त्याच्या सुखाच्या पट्ट्यात राहतो. सगळा भार आणखी थोडा उत्तरेला जाईल, म्हणून ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेलाच हवा. पण मग काउंटरवेट त्या पायाला धडकेल. आपल्या अक्षांशावर दांडी जवळपास उभी खाली येते. म्हणजे वेजखाली पाइपची उंची वाढवावी लागेल. सहा इंची एमएस पाइप, दोन्ही टोकांना फ्लँज. दोन्ही एकदमच वेल्ड करून घेतलं तर मामांकडे एकच फेरी.

बेल्ट किट सध्या मागवत नाही. ते पैसे पाइप-प्लेटला. पावसाळ्याचे चार महिने आकाश बंदच, तेवढ्यात हे होऊन जाईल. कुणी १५ ते १७ अंशांवर वेज वापरत असेल तर प्लेटची जाडी किती घेतली ते कळवा. मी १६ मिलिमीटर धरून चाललोय.