आमची वाटचाल : वजनकाट्यापासून सिम्युलेशनपर्यंत

आमची फर्म सांगलीत वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरवर सुरू झाली. साखर कारखान्यात आलेली उसाची गाडी आधी भरलेली आणि मग रिकामी तोलायची, पावती छापायची, शेतकऱ्याच्या खात्यावर टनेज चढवायचं. काम साधंच, पण त्यातून कुठली गाडी कधी आली, कधी गेली याच्या नोंदी हंगामामागून हंगाम साठत गेल्या आणि पुढचा धंदा त्यांच्यावरच उभा राहिला.

एका कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांनी विचारलं, "दुसरा काटा घ्यावा का? सरासरी काढली तर एकच पुरतो म्हणतात." सरासरी बरोबरच होती. तरी संध्याकाळी गाडीतळ तुंबायचा आणि पहाटे गव्हाणीवर, म्हणजे ऊस गाळपाला टाकतात तिथं, 'नो केन' लागायचं : ऊसच नाही म्हणून गाळप थांबायचं. तोडलेला ऊस थांबला की वजन घटतं, उताराही (उसातून मिळणाऱ्या साखरेचं प्रमाण) पडतो.

गाड्या सरासरीनं येत नाहीत, कधी झुंडीनं तर कधी तुरळक येतात. मग आम्ही रँडम, म्हणजे चिठ्ठी उचलावी तसे कुठलेही येणारे आकडे वापरून गेटवरची रात्र कॉम्प्युटरवर घडवली. यालाच सिम्युलेशन म्हणतात. समजा, नोंदींनुसार १०० पैकी २० गाड्या आधीच्या गाडीमागून २ मिनिटांच्या आत येतात, ३५ गाड्या २ ते ५ मिनिटांत, बाकीच्या त्याहून उशिरा. कॉम्प्युटरनं ०० ते ९९ मधला आकडा काढायचा. ०० ते १९ आला तर गाडी लगेच आली असं धरायचं, २० ते ५४ आला तर जरा वेळानं. काट्यावरचा वेळ, ट्रॉली खाली व्हायचा वेळ, सगळं असंच. संध्याकाळसाठी कोष्टक वेगळं, पहाटेसाठी वेगळं. अख्खी रात्र क्षणात घडते. मग तीच हजारो वेळा घडवायची.

"म्हणजे मटकाच की हो!" चीफ इंजिनिअर म्हणाले. त्यांना सांगितलं, मटक्यात एका आकड्यावर पैसा लागतो. इथं एकट्या आकड्याला किंमत नाही, सगळे मिळून तुमच्या गेटसारखे वागले पाहिजेत.

युक्ती जुनीच आहे. १९४६ मध्ये आजारपणातून उठताना पत्त्यांचा सॉलिटेअर खेळणाऱ्या गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम यांना वाटलं, डाव सुटण्याची शक्यता गणितानं काढत बसण्यापेक्षा खूप डाव मांडून मोजावेत. गणितज्ञ फॉन नॉयमन यांच्या साथीनं ती अणुसंशोधनात वापरली गेली आणि मोनाकोतल्या कॅसिनोवरून तिला माँटे कार्लो नाव पडलं. त्याही आधी, १९२७ मध्ये, संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांनी ४१,६०० रँडम अंकांचं कोष्टक छापलं होतं.

प्रोग्रॅमवर आम्ही डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. आधी त्याला सूत्रानं सुटणारी सोपी रांग देतो. येणं आणि तोलणं दोन्ही बेभरवशाचं असेल, तर काटा ८० टक्के वेळ गुंतल्यावर रांगेत सरासरी ३ गाड्या उभ्या राहतात, ९० टक्क्यांवर ८ आणि ९५ वर १८. प्रोग्रॅमचं उत्तर याच्याशी जुळलं की मगच त्याला कारखान्याची खरी नोंद देतो. आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला पटवावी लागते : उत्तरातली संभाव्य चूक निम्मी करायची तर चौपट रात्री चालवाव्या लागतात.

त्या कारखान्याचं उत्तर असं निघालं, की रोजच्या रात्री दुसऱ्या काट्यानं फारसा फरक पडत नव्हता. तोडणीच्या स्लिपा, म्हणजे ऊस कधी तोडायचा याच्या चिठ्ठ्या, वेगवेगळ्या वेळांना विभागून दिल्या तर पडत होता. मात्र काटा बंद पडलेल्या रात्री गाडीतळाचा बट्ट्याबोळ व्हायचा. त्यांनी स्लिपांच्या वेळा बदलल्या आणि काटाही घेतला.

आता फाउंड्रीतले सुटे भाग किती ठेवावेत, दवाखान्याच्या ओपीडीत किती खिडक्या उघडाव्यात, अशी कामं येतात. सरासरी देऊ नका, रजिस्टर द्या, ही आमची पहिली अट. रजिस्टरच नसेल तर आमचा माणूस घड्याळ घेऊन गेटवर बसतो. त्याचं बिल वेगळं.